फॉर्म-शनिवार बंद करणाऱ्या आमच्या मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र

फेब्रुवारी 2026

अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटीतल्या सगळ्या दादा-ताई-वहिनींना,

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या ओळीतच कळेल, आणि इंग्लंडातल्या बाकीच्या मंडळांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे म्हणून उघड्यावर लिहितेय, भांडायची हौस म्हणून नाही. तुमच्यातल्या दोघांना मी रविवारच्या मराठी वर्गात अ आ इ गिरवायला शिकवलंय, त्यामुळे माझा स्वर जरा बाईंसारखा लागला तर सांभाळून घ्या.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी तुमचा ईमेल आला. ह्यांच्या अकराच्या गोळीची वेळ होती म्हणून फोन हातातच होता. 1 फेब्रुवारीपासून फॉर्म-शनिवार बंद, ती वेळ ढोल-ताशा पथकाच्या सरावाला दिली आहे. कारणं तीन: हॉलचं भाडं वाढलं, चुकीचा सल्ला दिला गेला तर जबाबदारी कोणाची, आणि तिसरं, "मंडळ सांस्कृतिक आहे, बेनिफिटच्या कामामुळे मंडळाची प्रतिमा वेगळी होते". ईमेलच्या खाली गणपतीच्या वर्गणीची लिंक होती.

बाहेरच्यांसाठी सांगते. फॉर्म-शनिवार म्हणजे महिन्यातून एकदा, सकाळी अकरा ते एक, हॉलच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, एक किटली आणि कौन्सिलच्या हाउसिंग खात्यातून रिटायर झालेले एक काका. सोबत कधी एक ताई असायच्या, कधी माझ्यासारखी लुडबुड करणारी. सरकारकडून आलेलं खाकी पाकीट घेऊन लोक यायचे आणि ते काका ते पाकीट फोडून, वाचून, मराठीत सांगायचे की बाबा रे हे असं असं म्हणतायत, घाबरू नकोस, अमुक तारखेच्या आत फोन कर. बस, एवढंच. याच्यात मंडळाची प्रतिमा कुठे आणि कशी बिघडली हे मला अजून समजलेलं नाही.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मी एवढी का पेटलेय ते कळणार नाही.

ह्यांना पार्किन्सन्स आहे. वय 74. मी 68. तीस-पस्तीस वर्षं हे फॅक्टरीत, मी शाळेच्या किचनमध्ये, दोघांनी टॅक्स भरला, नॅशनल इन्शुरन्स (पेन्शनसाठी पगारातून कापतात ते) भरलं, आणि एक वाक्य घरात कायम होतं, "आपण कधी कोणापुढे हात पसरला नाही". 2023 च्या एप्रिलमध्ये जीपीकडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडच्या, नर्सने सांगितलं की अटेंडन्स अलाउन्स म्हणून असतं, पेन्शनचं वय झालेल्या आजारी माणसाला दुसऱ्याची मदत लागत असेल तर मिळतं, उत्पन्न बचत काही बघत नाहीत, अर्ज करा. मी फॉर्म मागवला. जाडजूड पुस्तकच ते. एका दुपारी बसून भरून टाकला. कपडे घालायला मदत लागते का? लिहिलं, जमतं हळूहळू. आंघोळ? जमते. रात्री उठावं लागतं का? कधीकधी. हे शेजारी बसून बघत होते ना, त्यांच्यासमोर मी कसं लिहिणार की तुम्हाला शर्टाचं बटण लागत नाही. नवऱ्याची लाज झाकायची सवय आपल्या बायकांच्या हाडात असते, तीच मी सरकारी फॉर्मवर चालवली. जूनमध्ये नकाराचं पत्र आलं. महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो असं त्याच्यात लिहिलेलं होतं, पण पहिल्याच ओळीतला नकार वाचून मी ते पत्र देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, आरतीच्या पुस्तकांखाली. सोळा महिने ते तिथे होतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये फॉर्म-शनिवारला गेले, तेही दुसऱ्या काकूंना सोडायला म्हणून. काकांनी सहज विचारलं, तुमचं काय चाललंय. मी म्हटलं आमचं नाही होत, एकदा नकार आला. ते म्हणाले, काय लिहिलं होतंत? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही ठणठणीत माणसाचा फॉर्म भरलात." मग त्यांनी मला एक साधी वही दिली आणि सांगितलं, आठ दिवस फक्त लिहा, काही ठरवू नका, जे घडेल ते वेळेसकट लिहा.

त्या वहीतली एक रात्र अजून डोळ्यासमोर आहे. एक वाजून वीस, कुशीवर वळवलं. दोन चाळीस, बाथरूम, दारात पाय थिजले, चार मिनिटं. चार पाच, पुन्हा वळवलं, उशी खाली पडली. सहा, पायजमा बदलला. पार्किन्सन्समध्ये पाय अचानक जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात, माणूस म्हणतो चाल आणि पाय ऐकत नाहीत. फिजिओने सांगितलं म्हणून मी प्रत्येक दाराच्या जागी जमिनीवर पिवळी इलेक्ट्रिकची टेप चिकटवलीय, आडव्या पट्ट्या, आणि गंमत म्हणजे साध्या सपाट जमिनीवर अडलेला पाय ती पट्टी दिसली की ओलांडायला उचलला जातो. इथल्या घरांना उंबरठे नसतात, मी टेपचे उंबरठे केलेत. चहाचा कप अर्धाच भरते कारण पूर्ण भरला तर अर्धा बशीत आणि पाव शर्टावर. हे सगळं मी रोज करत होते आणि मला ते "काम" आहे असंच वाटत नव्हतं. काकांनी त्यातलं एकेक फॉर्मवर लिहायला लावलं, पिवळी टेपसुद्धा. दिवसा आणि रात्री दोन्ही मदत लागते म्हणून वरचा दर मंजूर झाला, 2025-26 च्या हिशोबाने आठवड्याला 110 पौंड 40 पेन्स.

मधले दीड वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. अटेंडन्स अलाउन्स मागच्या तारखेपासून मिळत नाही. अगदी खालचा दर धरला, 2023-24 चे आठवड्याला 68.10 आणि पुढच्या सहा महिन्यांचे 72.65, तरी 5,400 पौंडांच्या वर जातं. त्या पैशात दर गुरुवारी दोन तास कोणी घरी बसलं असतं आणि मी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं नसतं. हा फटका मी माझ्या अज्ञानाच्या खात्यावर टाकते, कोणा दुसऱ्याच्या नाही. पण असलं अज्ञान आपल्या गावात माझ्या एकटीकडे नाही, आणि ते दूर करणारी दोन टेबलं तुम्ही आता उचलताय.

पुढची गंमत ऐका, म्हणजे "यात काय एवढं, ऑनलाइन सगळं असतं की" असं जे आमच्या सचिवांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिळगूळ देता देता सांगितलं त्याचं उत्तर मिळेल. ह्यांना अलाउन्स लागू झाल्यावर काका म्हणाले आता तुम्ही केअरर्स अलाउन्सचा, म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणाऱ्या भत्त्याचा, अर्ज करा. मी म्हटलं मिळेल? म्हणाले, नाही, एक पेनीही मिळणार नाही, तुमची पेन्शन त्याच्यापेक्षा जास्त आहे आणि दोन्ही एकदम देत नाहीत. मग कशाला करू? म्हणाले, नकार मिळवायला करा. मला वाटलं काका थट्टा करतायत. तर खरंच तसंच आहे! अर्ज केला की पत्र येतं, तुमचा हक्क आहे पण पैसे देता येत नाहीत, आणि त्या "हक्क आहे" वाल्या पत्राच्या जोरावर पेन्शन क्रेडिटमधली (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरकार घालतं ती भर) तुमची मर्यादा 2025-26 च्या हिशोबाने आठवड्याला 46 पौंड 40 ने वर जाते. जोडप्याची त्या वर्षीची मर्यादा 346.60, त्यात हे मिळवलं की 393. आमच्या दोघांची मिळून पेन्शन 371, म्हणजे आधी आम्ही "जास्त श्रीमंत" होतो आणि त्या नकाराच्या पत्रानंतर 22 पौंडांनी गरीब ठरलो. आठवड्याला 22 पौंड, वर कौन्सिल टॅक्समध्ये (इथल्या घरपट्टीत) सूट, आणि पुढच्या वर्षी हे 75 चे झाले की टीव्ही लायसन्स (टीव्ही बघायला भरायची फी) फुकट. आता मला सांगा, आपण होऊन कोणाच्या डोक्यात येईल की नकार मिळवण्यासाठी अर्ज करायचा असतो? आमचा मुलगा आयटीत आहे, त्यालासुद्धा वेबसाइट वाचून हे सापडलं नव्हतं.

आता तुमची कारणं घेते, जबाबदारीचं आधी. इमिग्रेशनचा सल्ला द्यायला या देशात कायद्याने नोंदणी लागते, आणि तो काकांनी कधीच दिला नाही, कोणी व्हिसाचा विषय काढला की सरळ वकिलाकडे पाठवायचे. उलट त्यामुळेच एक घर वाचलं. एका तरुण जोडप्याने आईला भारतातून कायमचं आणलंय, पाच वर्षं आम्ही सांभाळू असं सरकारला लिहून देऊन. आईला डिमेन्शिया सुरू झाला, कोणीतरी म्हणालं अटेंडन्स अलाउन्स घ्या. ते भरून पाठवणारच होते. काकांनी व्हिसाचं कार्ड बघायला मागितलं आणि सांगितलं की थांबा, सरकारी निधी घ्यायला मनाई असलेल्या व्हिसावर हा अर्ज केलात तर व्हिसाच अडचणीत येईल, आधी वकिलाला विचारा. चुकीचा सल्ला दिला गेला तर काय ही तुमची काळजी रास्त आहे हो, पण चुकीचा सल्ला आज व्हॉट्सअॅपवर रोज फुकट मिळतोय, त्याची जबाबदारी कोण घेतं?

तसंच दुसरं. एकट्या राहणाऱ्या एका काकूंना पेन्शन क्रेडिटमध्ये तीव्र अपंगत्वाचे म्हणून जास्तीचे 82.90 मिळत होते. मुलगा दुसऱ्या गावाहून येऊन करायचा, त्याला कोणी सांगितलं तू केअरर्स अलाउन्स घे, 83.30 मिळतात. त्याने घेतला. त्याचे सुरू झाले आणि काकूंचे 82.90 बंद झाले, कारण त्या वाढीची अटच अशी आहे की त्यांची काळजी घेण्याचे पैसे दुसऱ्या कोणाला मिळत नसले पाहिजेत. घरात चाळीस पेन्स वाढले आणि माय-लेकांत तीन महिने अबोला झाला. ही दोघं फॉर्म-शनिवारला आधी आली असती तर दहा मिनिटांचं काम होतं.

नोकरी करून घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या आपल्या सुना-मुलींचं तर सांगूच नका. आठवड्याला 35 तास काळजी घ्यायची तेव्हा केअरर्स अलाउन्सचे 83.30 (2025-26 चा दर), आणि कमाई मर्यादेच्या एक पौंडही वर गेली तर त्या आठवड्याचा सगळाच्या सगळा भत्ता जातो, थोडा कापत नाहीत, पूर्ण जातो. एप्रिल 2025 पर्यंत ती मर्यादा 151 होती, मग 2025-26 ला 196 झाली. डिसेंबरमध्ये दोन जास्तीच्या शिफ्ट केल्या की संपलं. हजारो बायका-पुरुषांवर अशी वसुली निघाली, वर्षानुवर्षं कोणी कळवलं नाही आणि मग एकदम हजारो पौंडांचं पत्र, वर्तमानपत्रांत केवढं गाजलं ते. सरकारने लिझ सेस बाईंकडून चौकशी करवली, नोव्हेंबर 2025 मध्ये अहवाल आला, आणि कमी-जास्त होणाऱ्या पगाराची सरासरी धरण्याबद्दल 2015 पासून खात्याच्या आतल्या सूचनाच चुकीच्या होत्या हे सरकारने मान्य केलं, सुमारे 2 लाख प्रकरणं पुन्हा तपासायची ठरलीत. आपल्या मंडळातल्या किमान तीन जणींनी असे पैसे मुकाट्याने फेडलेत हे मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार की बाई तुझं प्रकरण त्यात बसतंय का बघ? की गणपतीच्या स्मरणिकेत छापणार आहात?

जाता जाता एक. हा केअररचा भत्ता 1976 साली सुरू झाला तेव्हा लग्न झालेल्या बाईला तो मिळतच नव्हता, कारण ती काय, घरीच असते, करेलच. जॅकी ड्रेक नावाच्या बाईने आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली होती, ती युरोपच्या कोर्टापर्यंत गेली तेव्हा 1986 मध्ये नियम बदलला. "सुनेने करायचंच असतं, त्याचे कसले पैसे" हे वाक्य मी आपल्या हॉलमध्ये गेल्या वर्षी ऐकलंय. कोणी म्हटलं ते लिहीत नाही, पण चाळीस वर्षं मागे आहात एवढं सांगते.

भाड्याचं कारण मला खरं तर पटतं. हॉल महाग झालेत, हीटिंग महाग झालंय. पण तुम्ही हॉल सोडला नाहीये ना, त्याच वेळेला ढोलाला दिलाय. ढोलाशी माझं वैर नाही, माझी नात ताशा वाजवते आणि छान वाजवते. पण ढोल दोन वाजताही वाजतो, किंवा रविवारी वाजतो. खाकी पाकिटाला तारीख असते.

आणि आता प्रतिमा. याच्यावर मी दोन रात्री विचार केला, तशीही मी रात्री जागीच असते. प्रतिमा म्हणजे काय हो? आपण सगळे डॉक्टर, इंजिनियर, आयटीवाले, मोठी घरं, मुलं ग्रामर स्कूलला, दिवाळीला कौन्सिलरबरोबर फोटो. त्या फोटोत मागच्या रांगेत कोण उभं असतं ते कधी बघितलंत का? ज्यांनी तुमच्या आधी तीस-चाळीस वर्षं इथे बस चालवल्या, हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या, कपड्यांच्या कारखान्यात तासावर काम केलं. बायका लग्न करून आल्या, घरी शिवणकाम केलं, नॅशनल इन्शुरन्सची वर्षं भरली नाहीत, पूर्ण पेन्शनला 35 वर्षं लागतात आणि यांची भरतात बारा-चौदा. सरकार स्वतःच सांगतं की लाखो पेन्शनर घरं हक्क असून पेन्शन क्रेडिट मागत नाहीत. त्यातली काही आपल्या मंडळात आहेत, मी तुम्हाला घरं मोजून दाखवते. हे लोक भीक मागत नाहीयेत. आयुष्यभर भरलेल्या टॅक्सातलं आजारपणात थोडं परत घेतायत. आपल्याकडे ईपीएफ काढताना कोणाला लाज वाटते का?

आणि आपल्या लोकांचे प्रश्न थोडे वेगळे असतात, ते दुसऱ्या कुठल्या काउंटरवर पटकन समजत नाहीत, म्हणून हे मंडळातच व्हायला हवं. आपल्याकडे नवरा-बायकोत सात-आठ वर्षांचं अंतर सर्रास. 15 मे 2019 पासून नियम असा आहे की दोघांचंही पेन्शनचं वय झाल्याशिवाय नवीन पेन्शन क्रेडिट मिळत नाही, म्हणजे नवरा 72 चा आणि बायको 63 ची असेल तर त्या घराला युनिव्हर्सल क्रेडिटच्या, म्हणजे कामाच्या वयातल्या लोकांच्या भत्त्याच्या, रांगेत उभं राहावं लागतं आणि आता तर पेन्शनचं वयच एप्रिल 2026 पासून 66 वरून हळूहळू 67 कडे चाललंय. मग थंडीत पुण्याला जाण्याचं. डिसेंबर ते फेब्रुवारी तीन महिने बहिणीकडे राहून येतात, कोणाला माहीत असतं की चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांसाठी गेलं की पेन्शन क्रेडिट बंद होतं? अटेंडन्स अलाउन्स मात्र तेरा आठवड्यांपर्यंत चालतो. आणि न कळवता गेलं की परत आल्यावर पायपुसण्यावर खाकी पाकीट. तिकडे कोथरूडमध्ये वडिलांच्या नावाचा फ्लॅट वाटून आलेला असतो, तो इथे सांगायचा असतो हे माहीत नसतं किंवा माहीत असून सांगायची भीती वाटते. काकांनी किती जणांना समजावलं की लपवू नका, आपण होऊन सांगितलं तर चूक, पकडलं तर लबाडी.

काहीजण तर कायमचे परत जायचं म्हणतात, इथली थंडी नको, सांगलीला घर आहे, पेन्शन तिकडे मागवू. मागवता येते. पण ती ज्या दिवशी गेलात त्या रकमेवर गोठते, दर एप्रिलची वाढ भारतात राहणाऱ्याला मिळत नाही. अमेरिकेत राहिलात तर मिळते, फिलिपिन्सला मिळते, भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला नाही. त्याच्यावर लोक स्ट्रासबर्गच्या मानवी हक्कांच्या कोर्टापर्यंत गेले आणि 2010 मध्ये 11 विरुद्ध 6 न्यायाधीशांनी हरले. गेल्या वर्षी भारत-ब्रिटन व्यापार करार झाला तेव्हा कंपनीने तात्पुरते पाठवलेल्यांचं नॅशनल इन्शुरन्स तीन वर्षं माफ करायचं ठरलं, यावर तुम्ही मंडळाच्या ग्रुपवर पेढे वाटले. म्हाताऱ्यांच्या गोठलेल्या पेन्शनवर कोणी एक ओळ टाकली नाही. असो, तो करार तुम्ही केलेला नाही, राग तुमच्यावर काढत नाही.

माझंच अजून एक सांगते आणि मागण्यांकडे येते. गेल्या सप्टेंबरात हे पडले, खुबा मोडला, पाच आठवडे हॉस्पिटलात होते. अठ्ठावीस दिवसांच्या वर हॉस्पिटलात राहिलं की अटेंडन्स अलाउन्स थांबतो, आणि ते आपण कळवायचं असतं. मी रोज दोन बस बदलून डबा घेऊन जात होते, तिथला बटाटा ह्यांना गिळवत नव्हता, कळवायचं कुठलं सुचतंय. नोव्हेंबरात पाकीट आलं, जास्तीचे गेलेले पैसे परत करा. साधारण आठवड्याभराचे, मोठी रक्कम नाही. पण मी एकटी असते तर ते पत्रही आरतीच्या पुस्तकांखाली गेलं असतं, आणि मग पुढचं, आणि त्याच्या पुढचं. शनिवारी काकांकडे नेलं, त्यांनी वाचलं, सोमवारी मी फोन केला, संपलं.

मागण्या सांगते, फार नाहीत.

फॉर्म-शनिवार परत सुरू करा. वेळ बदला, रविवार करा, महिन्याऐवजी सहा आठवड्यांनी करा, पण बंद करू नका. भाड्याचा त्या दोन तासांचा भाग किती ते खजिनदारांनी सांगावं, आम्ही म्हातारी माणसं पाच-पाच पौंड काढून भरू, वर्गणी सोडून वेगळे. कागदपत्रांची गुप्तता राहील असं एक कपाट किंवा निदान दार लागणारी खोली द्या, कारण मागच्या खेपेला एका काकांचं बँक स्टेटमेंट चहा घ्यायला आलेल्या मुलांसमोर टेबलावर होतं आणि ती चूक आमचीच होती, मान्य. जबाबदारीची भीती असेल तर सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा एज यूके या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थांच्या इथल्या शाखेशी बोलून त्यांचा एक माणूस तीन महिन्यांतून एकदा बोलवा, अवघड ते त्यांच्याकडे, मराठीत समजावण्याचं आमच्याकडे. दिवाळी आणि गणपतीला जसा दागिन्यांचा आणि मॉर्गेजवाल्याचा स्टॉल असतो तसं एक टेबल याला द्या, पैसे न घेता. आणि शेवटची मागणी, मिनिट्समधलं ते प्रतिमेचं वाक्य काढून टाका. बाकीचं मान्य केलंत आणि ते वाक्य ठेवलंत तरी मला चालणार नाही, कारण ते वाचून दोन जणी यायच्या थांबल्यात. त्यातल्या एकीच्या नवऱ्याला मागच्याच वर्षी स्ट्रोक झालाय आणि त्याचं वय 61 आहे, म्हणजे त्यांचा रस्ता अटेंडन्स अलाउन्सचा नाही, पीआयपीचा (पेन्शनचं वय व्हायच्या आधी आजारी-अपंग माणसाला मिळतो त्या भत्त्याचा) आहे. त्यात चालता न येण्याचेही पैसे असतात जे आमच्या अलाउन्समध्ये नसतात, आणि पेन्शनचं वय व्हायच्या आत मागितलं नाही तर ते कायमचे हातचे जातात. हे तिला कोणीतरी सांगायला हवं. मी फोन केला तर म्हणाली, नको काकू, लोक काय म्हणतील.

तुमचं उत्तर मीटिंगनंतर येईल, मीटिंग मार्चच्या शेवटी आहे असं कळलं. तोवर एक अडचण आहे. मागच्या गल्लीतल्या आजींसाठी आम्ही 23 जानेवारीला अटेंडन्स अलाउन्सच्या हेल्पलाइनला फोन करून फॉर्म मागवला. फोन केलेल्या तारखेचा शिक्का असतो त्याच्यावर, आणि सहा आठवड्यांच्या आत परत पोचला तरच त्या तारखेपासून पैसे धरतात. म्हणजे 6 मार्च. पोस्टाचे दिवस वजा केले तर हातात राहतो एकच शनिवार, 28 फेब्रुवारी.

त्या दिवशी अकरा वाजता मी आणि काका हॉलच्या बाहेरच्या व्हरांड्यात असू, माझ्याकडे घडीचं टेबल आहे. थर्मासमध्ये चहा आणते, बिनसाखरेचा, साखर वेगळी ठेवते. आत ढोल वाजत असेल तर आजींना जरा मोठ्याने विचारावं लागेल की रात्री किती वेळा उठावं लागतं, तेवढ्या वेळापुरतं पथकाला पंधरा मिनिटं थांबवता आलं तर बघा.

तुमची,
मराठी वर्गाच्या जुन्या बाई